उत्तरेच्या भिंतीतला ओला खांब

मी एक खांब आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, मनगटाएवढा जाड, माणसाहून हातभर उंच. लाकडी घराच्या भिंतींत असे शंभरेक खांब उभे असतात आणि घरात राहणाऱ्यांना ते कधी दिसत नाहीत. मीही कुणाला दिसलो नाही. दिसलो असतो तर बरं झालं असतं.

नदीच्या वरच्या अंगाला ओमेर पेल्तिएचं रान आहे. तिथं जुलैत त्यानं मला तोडलं आणि कोठारामागच्या स्वतःच्या करवतयंत्रावर चिरलं. अंगातून पाणी निथळत होतं. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्यानं आमची थप्पी रचली. चाळीस वर्षं लाकूड चिरलेला शेजारी अल्सीड म्हणाला, "पुढच्या पानगळीपर्यंत वाळू दे, हात लावू नकोस."

पण ओमेरला वर्षभर थांबायचं नव्हतं. त्याची बायको रोझाना छातीनं अधू. दोघं पत्र्याच्या जुन्या घरात राहायची, तिथं चारी बाजूंनी वारा शिरे. मागच्या हिवाळ्यात तिला दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. वाऱ्याची झुळूकही आत येणार नाही असं घर बांधून देतो, असा शब्द त्यानं तिला दिला होता. घरबांधणीचे नवे नियमही तेच मागत होते. दारात पंखा बसवून घरातली हवा ओढायची आणि फटींतून किती वारा येतो ते मोजायचं.

ऑक्टोबरात आम्हाला उभं केलं. भिंती बंद करण्याआधी गावचा तपासनीस दोन सुयांचं यंत्र लाकडात टोचून ओल बघतो, हे ओमेरला ठाऊक होतं. त्यानं डझनभर खांब शेगडीजवळ वाळवले आणि नेमके दाराशी लावले. तपासनिसानं तेवढेच टोचले, मान डोलावली. उत्तरेच्या भिंतीपर्यंत, माझ्यापर्यंत, तो आलाच नाही.

संध्याकाळी रोझाना घर बघायला आली. तिनं माझ्यावर तळवा ठेवला.

"हा गार लागतोय. ओमेर, लाकूड वाळलंय ना रे?"

"वाळलंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

मग खांबांमध्ये ऊब धरणारा कापूस, त्यावर प्लास्टिक, फटींवर चिकटपट्ट्या, आणि भिंत बंद. पंख्याच्या परीक्षेत घर असं उतरलं की तपासनीस म्हणाला, एवढं घट्ट घर या खोऱ्यात नाही. रोझानाचा पलंग माझ्याच भिंतीला लागला. पहिल्या हिवाळ्यात ती स्वेटर न घालता झोपली. सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालताना गुणगुणायची. दमट हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारं यंत्र तोंडावर गार फुंकर मारी, म्हणून तिनं ते बंद केलं. ओमेरनंही ते पुन्हा चालू केलं नाही.

माझ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या अंगावर काळी बुरशी चढली, मी मऊ पडत गेलो. विजेच्या खटक्याच्या फटीतून माझा वास तिच्या उशाशी जायचा. तिचा खोकला परतला. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. ओमेर म्हणाला, अजिबात नाही, यंत्रानं तपासलेलं घर आहे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये, ती गेली.

मे महिन्यात पलंग हलवताना त्याला भिंतीच्या तळाशी डाग दिसला. त्यानं भिंत फोडली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. अल्सीड येऊन समजावू लागला, "तिची छाती आधीपासूनच अधू होती. भिंतीमुळं झालं असं डॉक्टर कुठं म्हणाले?"

"त्यांनी विचारलं होतं, अल्सीड. मीच नाही म्हणालो."

बाकीचे कुजके खांब त्यानं जाळले. मला मात्र करवतयंत्राला टेकून ठेवलं.

परवा एक तरुण जोडपं ओले ओंडके चिरून घ्यायला आलं. बर्फाआधी त्यांना घरात जायचं आहे. ओमेरनं मला बाईपुढं आडवं केलं आणि अंगठा दाबायला सांगितलं. नखापर्यंत अंगठा आत गेला.

"हा माझ्या बायकोच्या उशाशी होता," तो म्हणाला. "वाळलंय का, असं तिनं विचारलं होतं. मी हो म्हणालो."

नवऱ्यानं गाडीतल्या ओंडक्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती विजारीला अंगठा पुसत राहिली.

लाकूड वाळेपर्यंत ती दोघं थांबतील का, मला माहीत नाही. मी सांगणार तरी कसा? भिंतीत असतानाही मला सांगता आलं नाही. तुमच्या घरात कुणी असं विचारलं, तर तुम्ही तरी खरं सांगा.