मी गप्प बसले नाही, मला गप्प केलं

मी हातभर लांबीची वायर. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, चौकटीच्या कडेने गेलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत राहते. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण मध्यंतरी माझ्यावर आळ आला, आणि तो घेणारा घरातलाच होता. म्हणून बोलते.

या घराला चोरांच्या भीतीने अलार्म बसवलेला. दारंखिडक्यांना एकेक सेन्सर, उघडलं की वीज तोडून भोंगा वाजवणारा, आणि तिथून निघालेल्या वायरी थेट बैठकीतल्या अलार्मच्या डब्यापर्यंत. पुढे स्वयंपाकघर वाढवलं, मागचं दार बाहेर सरकलं आणि जुनी वायर तोकडी पडली. मधलं अंतर भरायला मला आणलं.

मला जोडलं बाबांनी. या घरातले सगळ्यात मोठे, उभा जन्म वायरमनचं काम केलेले. मुलाला शेजारी बसवलं होतं. तो नोकरीधंद्याला लागलेला बाप्या, पण बाबांपुढे बसला की अजून लहानच.

"दोन्ही तारांचे जोड एका रेषेत घ्यायचे नाहीत," बाबा म्हणाले. "एक पुढे, एक मागे. म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत."

"आणि चिकटले तर?"

"तर दार सताड उघडं असलं तरी डबा म्हणणार, बंद आहे. त्यापेक्षा वायर तुटलेली परवडली. तुटली की निदान भोंगा वाजतो."

माझं एक टोक बाबांनी जोडलं, दुसरं मुलाने. जोड झाकायची नळी आधी सरकवली, मग पीळ दिला, मग पक्कं करायला कथलाचा डाग. बाबांनी ओढून बघितलं आणि "जमलं की तुला," एवढंच म्हणाले. मुलगा दिवसभर हवेत होता.

चोर काही आले नाहीत. बाबांची स्मरणशक्ती मात्र हळूहळू दगा देत गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग नातेवाईक आठवेनात, आणि एके दिवशी ते मागच्या दाराने कामावर निघाले. कुठलं काम आणि कुठलं काय. तेव्हापासून अलार्म दिवसाही चालू राहू लागला. चोर आत येऊ नये म्हणून जोडलेली मी, आता बाबा बाहेर जाऊ नयेत म्हणून जागी राहू लागले. त्यांनी कडी काढली की भोंगा, आणि सूनबाई कणकेच्या हाताने धावत यायची. "बाबा, आधी चहा घ्या, मग जा." चहा झाला की ते जायचं विसरायचे. आमचं छान जमलं होतं.

मुलाला त्या भोंग्याचा वैताग यायचा. तो घरी बसून फोनवर काम करायचा आणि दर थोड्या वेळाने माझा गळा. मला ते कळायचं. त्याचीही झोप उडाली होती, मीही काही कोकीळ नाही. पण एका सकाळी सूनबाई बाजारात गेलेली असताना त्याने पट्टी उघडली, माझ्या दोन्ही तारा मधोमध सोलल्या, एकमेकींना पिळून टाकल्या आणि वर टेप गुंडाळली. "आजच्या दिवस," असं स्वतःशीच पुटपुटला.

तो दिवस गेला, दुसराही गेला. टेप तशीच.

आणि एका दुपारी बाबांनी कडी काढली. सूनबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, अगदी निर्धास्त. का नसावी? मी होते ना. दार उघडलं, बाबा माझ्या शेजारून गेले आणि मी मात्र डब्याला सांगत राहिले, दार बंद आहे, दार बंद आहे. माझ्याच तोंडून हे वदवून घेतलं होतं. तोंड असून मुकी झाले.

दिवेलागणीला बाबा सापडले. पुलापलीकडच्या उतारावर पडले होते, एका पायात चप्पल. तिथल्या एका बेकरीवाल्याने ओळखून रिक्षात घालून आणलं. मग दवाखाना, आणि डाव्या मनगटाला प्लास्टर.

"भोंगा कसा वाजला नाही?" सूनबाई रडत होती.

"बाबांनी जोडलेली जुनी वायर ती," मुलगा म्हणाला. "सुटली असेल कुठेतरी."

अरे, सुटले असते तर बोंब मारून घर डोक्यावर घेतलं असतं! मला खोटं पाडलंस ते पाडलंस, बाबांच्या हातालाही नावं ठेवलीस. एवढं माझ्या जिव्हारी कधी काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने हवेसाठी मागचं दार उघडलं, टेपेखालच्या पिळामुळे भोंगा गप्पच, आणि बाबांना तिथेच खुर्चीत बसवलं. बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात पट्टीवर गेला. झाकण निघालं. टेपेचा गोळा त्यांच्या बोटांना दिसला आणि कपाळाला आठी पडली.

"अहो," त्यांनी मुलाला हाक मारली, "ही वायर जरा धरता का?"

जन्मात कधी मुलाला 'अहो' म्हटलं नव्हतं त्यांनी. मुलगा खाली बसला, मला धरलं. बाबांनी दातांनी टेप सोलली आणि पीळ बघून मान हलवली.

"कुणाचं हो हे काम? असं करतात का? दार उघडलेलं कळायचं कसं?" मग जरा जवळ सरकून म्हणाले, "माझा मुलगा हे करायचा नाही. त्याला मी शिकवलंय."

मला पिळलं होतं ते मुलाच्याच हाताने. मी त्याच हातात होते.

बाबांनी पीळ उलगडला. तारा सुट्या झाल्या, आणि दार तर उघडंच होतं. मी ओरडले. साचलेलं सगळं ओरडले. सूनबाई धावत आली. तिने उघडं दार पाहिलं, सोललेली मी पाहिली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. भोंगा बंद करायला कुणीच उठलं नाही.

"वाजतोय की," बाबा खुशीत म्हणाले.

आता माझ्या अंगावर दोन नव्या टेपा आहेत, वेगवेगळ्या, एक पुढे, एक मागे. मुलानेच लावल्या. मी पुन्हा खरं बोलते. तुमच्याही दाराशी माझ्यासारखी कुणी असेल. तिच्या ओरडण्याचा कंटाळा आला तर तिला खुशाल शिव्या घाला, पण तिच्याकडून खोटं वदवून घेऊ नका.

बाबा रोज एकदा माझ्यापाशी येतात, बोटाने चाचपतात. आणि मुलाला सांगतात, "अहो, आमचा मुलगा आला की दाखवा त्याला. खूश होईल."