समुद्र दिसायला हवा

इंग्लंडच्या टोकाशी असलेल्या आमच्या सिली बेटांवर फुलांचं शेत म्हणजे चारी बाजूंनी दोन पुरुष उंच कुंपण आणि मध्ये अंगणाएवढी जागा. कुंपण पिटोस्पोरमच्या झुडपांचं, बाराही महिने हिरवं. त्याच्या आडोशाने भर थंडीत नर्गिसची फुलं येतात. आडोसा गेला की खारा वारा ती जाळतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. लंडनहून आलेल्या ह्यूगोसाहेबाला कळत नाही.

पश्चिमेचं कुंपण माझ्या बापाने लावलं, पण ती जमीन पुढे माझ्या भावाच्या, जोरीच्या, वाट्याला आली. भावाबहिणीत कागद कशाला, म्हणून कागद केला नाही. जोरी गेला, त्याच्या बायकोने घर जमिनीसकट या साहेबाला विकलं. ऑक्टोबरात मी फुलांच्या जुड्या बांधत होते, तेव्हा करवतीचा आवाज आला.

धावत गेले. ट्रॅक्टर जाईल एवढं भगदाड.

"लव्हडेबाई, छोटीशी खिडकी केलीय," साहेब म्हणाला. "समुद्र दिसायला हवा ना. घर त्यासाठीच घेतलं."

"अहो, ऑगस्टनंतर कुंपणाला कात्रीसुद्धा लावत नाही आम्ही. वारं सुटायच्या आत पालवी निबर व्हावी लागते. तुम्ही तर बुंधेच कापलेत."

"माझ्या हद्दीत आहे. कागद दाखवू?"

"वाऱ्याला दाखवा."

तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्याचा आला, तसाच बापाचा आणि जोरीचा आला. सगळ्यात जास्त माझा. चाळीस वर्षं त्या झाडांवर जगले आणि एक कागद करून घेतला नाही.

फांद्यांचा ढीग तो जाळणार होता. न विचारता मी कवेत मावतील तेवढ्या उचलल्या.

"कशाला हो?"

"चुलीला," मी म्हटलं.

जानेवारीत तीन दिवस पश्चिमेचा वारा सुटला. चौथ्या दिवशी शेतात गेले. भगदाडापासून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत तांबूस, मेलेला पट्टा. गुरुवारच्या बोटीने जायच्या कळ्या होत्या त्या. मी तिथेच उभी राहून साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग खुरपं आणायला घरी गेले.

दुपारी तो आला. मी भगदाडासमोर, माझ्या हद्दीत गुडघे टेकून बसले होते.

"लव्हडेबाई, काचा मिठाने पांढऱ्या झाल्यात. काही दिसत नाही. दारं रात्रभर थडथडतात. लवकर वाढणारं काही आहे का, ही फट बुजवायला?"

मी शेजारी ठेवलेल्या खोक्यातली एक काडी वर धरली. टोकाला दोन पानं, खाली दोऱ्याएवढी मुळं.

"ही तुम्ही कापलेलीच. चुलीला नेलेली."

"किती दिवस लागतील?"

"आडोसा व्हायला सात वर्षं. मी एकाहत्तरची आहे."

त्याने काडीकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या काचांकडे.

"आणि तोवर?"

मी काडी मातीत खोचली, अंगठ्याने दाबली.

"तोवर समुद्र बघा."