१८२५ सालची तात

लाकडी खुंटी पुन्हा अर्धा वळसा सैल झाली होती... ओलेगारिओने ती अंगठ्याने आत दाबली, कान गिटारीला लावला आणि तळ्याकाठच्या दमट हवेला मनातल्या मनात दूषण दिले. मेंढीच्या आतड्याची तात, मार्चमधली दुपार, आणि समोर पेरिकोन नाचायला उभी असलेली सहा जोडपी! नायलॉनची तार चालली असती तर प्रश्नच नव्हता. परंतु प्रत्येक गटाने एक साल निवडावे, त्या सालातली झोपडी, पेहराव, नाच हुबेहूब उभे करावेत आणि परीक्षकांनी चुका टिपाव्यात, हा ताकुआरेंबो गावच्या उत्सवाचा रिवाज. आणि १८२५ हे साल, चार बैठकांत सर्वांचे म्हणणे खोडून, त्यानेच निवडले होते. विजयाच्या धुंदीत घरी पोहोचल्यावर ध्यानात आले, की अकॉर्डियन या देशात आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे चाळीस वर्षे छातीशी धरलेला बाजा आपणच, पुराव्यानिशी, नाचातून हाकलून दिला... माघार घेता आली असती. पण माघार घेणारा मी नव्हे. ‘एका गिटारीवर नाच उभा राहतो,’ असे त्याने सर्वांना ठणकावले होते. आज ते खरे करून दाखवायचे होते.

“म्हाताऱ्या, १८२५ संपायच्या आत वाजव!” त्याची बायको देल्मिरा रिंगणातून ओरडली.

“वाजव रे बाबा,” तिचा नाचातला जोडीदार, न्हावी निकासिओ म्हणाला, “बूट चावतायत. तेही तूच निवडलेस.”

ओलेगारिओने सूर धरला. बोटे आखडली होती, तरी नाच उभा राहिला — घोळदार झगे फिरले, रुमाल उडाले, आणि लोक ठेका धरू लागले तेव्हा त्याला वाटले, पाहा, माझेच म्हणणे खरे... नाचाच्या म्होरक्याने “आता!” अशी आरोळी दिली. या आरोळीसरशी संगीत थांबायचे, जोडप्यांनी एकमेकांना कडव्यांत चिमटे काढायचे, आणि शेवटचे कडवे संपताच सूर पुन्हा लागायचे. ओलेगारिओने अखेरचा आघात केला, आणि तात गिटारीच्या घोडीपाशी तुटली.

पाच जोडप्यांची कडवी होईतो त्याने तुटके टोक ओढून घोडीत ओवले होते. पण घामेजल्या बोटांतून गाठ निसटत होती. निकासिओ आपले कडवे घाईने म्हणून मोकळा झाला. देल्मिराने एकवार नवऱ्याच्या हातांकडे पाहिले, आणि कमरेवर हात ठेवले.

“मिशीला तुझ्या पीळ भारी, टाचेला चांदीची आर;
कुंपणाबाहेरून बोल गड्या, कुत्रं राखतंय दार!”

हशा उसळला. संपले. प्रत्येकी एकच कडवे — नियम त्याच्याच हस्ताक्षरात होता. गाठ पुन्हा सुटली... पण देल्मिरा थांबलीच नाही! ती वळली, सरळ त्याच्याकडे.

“बाजा कोंडलास कपाटात, म्हणे साल त्याचं चुकलं;
साल माझंही जुळत नाही, मला कसं नाचू दिलं?”

या युक्तिवादाला उत्तर असलेच पाहिजे. माणसे वेगळी, वस्तू वेगळी... नाही, तसे नव्हे. त्या न्यायाने तर निकासिओचे चावणारे बूटही... तो शोधत राहिला, बोटे आपसूक गाठ आवळत राहिली, आणि लोकांचा गलका ओसरण्यापूर्वी गिटार वाजू लागली. तात किंचित उतरलेली होती. तो वाजवत राहिला. उतरलेल्या सुरात देल्मिरा त्याच डौलाने गिरकी घेत होती.

नाच संपल्यावर परीक्षक बाई वही उघडून आल्या. “ओलेगारिओ, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्या काळी कडवी एक की दोन?”

उत्तर तयार होते, आधारांसकट. रिंगणात देल्मिरा रुमालाने वारा घेत इकडेच पाहत होती. उत्तर जिभेवर आले, तिथेच घोटाळले — आणि ते तसे, न देता, तोंडात धरून ठेवण्यात केवढी गोडी आहे हे त्याला आयुष्यात प्रथमच कळत होते... गिटारीच्या पाठीवर त्याच्या उजव्या हाताची बोटे, तिथे नसलेल्या अकॉर्डियनच्या कळा, एकेक करून दाबत होती.