खडकावरची ओली रेघ

वीजगृहाच्या नियंत्रण-कक्षाला खिडकी नव्हती. ज्या पाण्याच्या बळावर तेथील यंत्रे फिरत, ते पाणी तेथून दिसत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा एक आकडा दिसे, इतकेच. पाळीप्रमुखाने आयुष्यभर त्या आकड्यालाच नदी मानले होते.

खरी नदी वाहत होती ती धरणाच्या खाली, त्याच्या थोरल्या बहिणीच्या दारावरून. बहिणीचा नवरा मासेमार. संध्याकाळी शहरांत दिवे लागले की वर दोन्ही मोठी यंत्रे सुरू होत आणि पाणी कमरेला लागे; मागणी ओसरली की यंत्रे थांबत आणि रात्रभर उथळ काठ उघडा पडे. नियमाने नदीला दिवसाकाठी जेवढे पाणी सोडायचे तेवढे सुटत होते. सरासरी चोख भरत होती. परंतु मासा सरासरीत पोहत नाही. काठच्या गोट्यांत पहाटे अंडी घालणारी एक जात होती. तिला त्या वेळी तेथे पाणीच मिळेना, आणि ती वर्षागणिक विरळ होत गेली. यंदा पिल्ले दिसली नाहीत तर होडी विकून मुलाकडे राहायला जायचे, असे दाजींनी ठरवले होते. गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते. हे सांगताना ताई रडली नाही. दिवसभराची भांडी घासून झाल्यावर माणूस बोलतो तसे बोलली, आणि तेच भावाच्या जिव्हारी लागले.

म्हणून मासे वर चढण्याचे दिवस आले आणि दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितले, तेव्हा त्याने हात आखडता घेतला नाही. मागणे एवढेच होते, की यंदा भरपूर पाणी सोडा. त्याने वरिष्ठांची मनधरणी केली, दुरुस्त झालेल्या यंत्राच्या चाचणीचे निमित्त पुढे केले आणि ते मोठे यंत्र अखंड चालू ठेवले. नदी काठोकाठ चढली. मासे आले, गोट्यांत नुसती झुंबड आहे, असे ताईने फोनवर सांगितले. त्या दिवशी तो बऱ्याच काळाने मन लावून जेवला.

पुढे चाचणी संपली आणि यंत्र थांबले.

सुट्टीच्या दिवशी तो खाली गेला, तेव्हा दाजी पाण्यापासून बरेच वर, कोरड्या गोट्यांवर उकिडवे बसले होते. बाजूच्या खडकावर उतरलेल्या पाण्याची रेघ वाळून पांढरी पडली होती. दाजींनी एक गोटा त्याच्या हातावर ठेवला. गोट्याच्या खोबणीत मोहरीएवढी अंडी उन्हाने आक्रसून चिकटली होती.

"भरपूर मागितलं, भरपूर मिळालं," दाजी म्हणाले. "पाहुण्याला माडीवर झोपवलं आणि खालून जिना काढून घेतला आपण."

"माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुमचं सोडा. माझा जन्म पाण्यात गेला, मला तरी कुठं सुचलं? तुमच्या धरणाचं म्हणजे, मेव्हणे, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

हसण्याइतके त्राण कोणातच नव्हते. घरातून ताईही येऊन त्यांच्याजवळ गोट्यांवर बसली. उशिरा चढणारे काही मासे अजून खालच्या डोहात आहेत, असे दाजी म्हणाले. पण त्यांच्या स्वरात आशा नव्हती, केवळ माहिती होती. तेव्हा ताई म्हणाली, "मग त्यांना थोडंच दे. पण दिलेलं परत ओढू नकोस."

परतीच्या वाटेवर त्याच्या मनात हिशेब जुळत गेला. वीजगृहात एक लहान यंत्र होते. ते अहोरात्र चालवले तर काठचे गोटे पहाटेही बुडालेले राहतील, आणि त्यांत घातलेली अंडी कोरडी पडणार नाहीत. मोठी यंत्रे संध्याकाळी सावकाश चढवायची आणि सावकाश उतरवायची. मात्र तेवढे पाणी ऐन मागणीच्या वेळी कमी पडणार, हे उघड होते.

वीजवाटपाच्या मुख्य केंद्रातील अधिकाऱ्याने फोनवर त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी तुटवडा पडला की शिव्या त्यालाच खाव्या लागत. रात्रीची वीज कोणाला हवी आहे, असे त्याने विचारले.

"नको असेल तर घेऊ नका," पाळीप्रमुख म्हणाला. "पाणी मी थांबवणार नाही."

पलीकडून लेखी जबाब द्यावा लागेल, असे उत्तर आले. देईन, असे म्हणून त्याने फोन ठेवला. तो फार दमला होता.

तेव्हापासून लहान यंत्राची घरघर थांबली नाही. दररोज सकाळी पाळी संपवताना तो बहिणीला एकच प्रश्न विचारी.

"रेघ?"

"ओली आहे. तिथंच आहे."

एके सकाळी मात्र फोन दाजींनी उचलला. डोहातले मासे वर आले होते. फार नव्हते. अंडी पाण्याखाली होती. पिल्ले निघतील की नाही, ते इतक्यात सांगवत नव्हते.

"होडीचं गिऱ्हाईक आलं होतं," ते म्हणाले. "त्याला म्हटलं, नदी उतरली की ये."

पाळीप्रमुखाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. हिरवा आकडा कालचाच होता. त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि जबाब लिहायला घेतला.