कालव्याच्या रस्त्याने

सुट्टीच्या दिवशी हायवेने जाणारा माणूस आमच्या ह्यांच्या मते एकतर नवशिका, नाहीतर अडाणी. ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सत्तावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतायत आणि सत्तावीस वर्षं आम्हाला दर लांब सुट्टीला कुठल्या ना कुठल्या आडरस्त्याने नेतायत. हायवेला दोन तास अडकायला नको म्हणून आम्ही तीन तास चालत्या गाडीत बसतो. "चाक फिरतंय ना? मग झालं!" असं वर ऐकून घ्यायचं.

गेल्या वर्षी मात्र कहर झाला. नणंदेकडे जायचं होतं. ह्यांची गाडी पुढे, धाकट्या भाऊजींची मागे. ह्यांनी खाणीचा रस्ता पकडला. अडीच तासांचा प्रवास साडेपाच तासांचा झाला आणि भाऊजींच्या गाडीचा टायर गेला तो वेगळाच. नणंदेच्या दारात उतरता उतरता भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "दादाच्या मागे गेलं की वाट लागलीच म्हणून समजा. पुढच्या वेळी आपला मी माझा जाईन." सगळे हसले. मीही हसले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने मीच.

हे नाही हसले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. भाऊजी आईंना भेटायला यायचे, पण हे स्कूलला गेले की मगच. आमचा जावाजावांचा फोन मात्र रोज चालू होता. तिकडे काय शिजतंय ते मला कळायचं, इकडचं तिला.

ह्या वर्षी सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. चार महिने थांबून तारीख मिळालेली, सोमवारची. जिना चढताना प्रत्येक पायरीला त्या डोळे मिटतात, हे मी रोज बघते. आणि अशात त्यांनी शुक्रवारी जाहीर केलं, "दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय मी हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. रविवारी लेकीकडे दोघं येताय. तिथे बोला. नाही बोललात तर तारीख गेली खड्ड्यात, आणि माझा गुडघाही." आई असं नुसतं म्हणत नाहीत, तसं वागतात. आमच्या घरातला हट्ट कुठून आला, ते शोधायला लांब जावं लागत नाही.

रविवारी सकाळी जावेचा फोन. "वहिनी, आम्ही हायवेने निघतोय. तुम्ही?" आम्ही अर्थातच कालव्याच्या रस्त्याने. एका बाजूला भरलेला कालवा, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, मध्ये एका गाडीपुरतं डांबर. हे खुशीत होते. एकही गाडी नव्हती. "बघितलंस? एक चिटपाखरू नाही," दर पाच मिनिटांनी मला ऐकवणं चालू होतं.

आणि वळणावर समोरून चिटपाखरू आलं. पांढऱ्या रंगाचं, ओळखीच्या नंबराचं.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. समोरच्या काचेत भाऊजी, शेजारी माझी जाऊ, तोंडावर हात ठेवून. मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "अगंबाई, धाकटा!" ह्यांनी इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घातली. तिकडे भाऊजींनीही घातली. एका आईची लेकरं!

माझा फोन वाजला. वीस पावलांवरून जाऊ बोलत होती.

"वहिनी, पुढे पूल बंद आहे हो. आडवे खांब टाकलेत. आम्ही तिथून परत आलो."

"तुम्ही तर हायवेने निघाला होतात ना?"

"मलाही तेच वाटलं होतं. ह्यांनी मध्येच गाडी वळवली. विचारलं तर काही सांगत नाहीत."

मी फोन खाली घेतला. "पूल बंद आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"तुमची भावजय."

"आणि तिला कोणी सांगितलं?"

"भाऊजींनी डोळ्यांनी बघितलाय."

"त्याला गेल्या वर्षीपण सगळंच दिसत होतं," हे म्हणाले. "पुलापाशी चांगली जागा आहे. त्याने मागे घ्यावी."

"अरे, तू उतर आणि विचार त्याला," आई म्हणाल्या.

"मी मोठा आहे."

"मोठा आहेस म्हणूनच उतर!"

हे उतरले नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक वाजता नणंद पानं घेऊन बसणार होती, आणि इथे माझे दोन शहाणे एकमेकांच्या बंपरकडे टक लावून बसलेले. आई गुडघा चोळत खिडकीबाहेर बघत होत्या. ते मला सहन होईना. मी ह्यांच्यावर ओरडणार, एवढ्यात भाऊजींची गाडी हलली. मागे.

आता ह्यांनी हजारो लोकांना रिव्हर्स शिकवला असेल, पण सख्ख्या भावाला तो काही आला नाही. भाऊजी चाळिशी ओलांडून गेले तरी गाडी मागे घेताना अजून आरशात नाही, देवाकडे बघतात. गाडी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. हे ताठ झाले. आमची गाडी जागची हललेली नव्हती, पण ह्यांचा उजवा पाय ब्रेकवर दाबलेला.

"आरसा बघ, आरसा!" बंद काचेशी बोलणं सुरू झालं. "अरे, स्टेअरिंग एवढं कापू नकोस... कापतोय, हा गाढव कापतोय!"

गाडीचं मागचं चाक डांबर सोडून गवतावर गेलं. तिथून कालवा हातभर. जावेची किंकाळी मला काचेतून ऐकू आली.

दार धाडकन उघडलं आणि हे धावले. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सावरत, चपला फटफटवत धावत सुटलेला.

"ब्रेक! ब्रेकवरचा पाय काढू नकोस! स्टेअरिंग सरळ कर आधी! माझ्याकडे काय बघतोस, चाकाकडे बघ!"

वर्षभरानंतर भावाशी बोललेले हे पहिले शब्द.

मग हे गाडीच्या मागे गेले आणि उलटं चालत, हात हलवत, भाऊजींना मागे घेऊ लागले. "ये... ये... थोडं उजवीकडे... हां, आता जमलं." आईंनी मला मागून ढोसलं. "जा गं, बघ बोलतायत का भांडतायत. मला सांग येऊन." मी त्यांच्या मागोमाग चालू लागले.

पुलापाशी पोचलो. खांब आडवे टाकलेलेच होते, कुलूपही होतं. ह्यांनी खांबाला हात लावून बघितला, जणू तो खोटा असेल.

"बंद आहे," हे म्हणाले.

"हो दादा."

"माहीत होतं तर एवढं मागे कशाला आणलीस? आता कालव्यात गेला असतास!"

"तू घेणार नव्हतास मागे. कोणीतरी घ्यायलाच हवी होती ना."

ह्यांनी खांबावरचं कुलूप एकदा ओढून बघितलं.

"गेल्या वर्षी रस्ता माझाच चुकला होता," हे म्हणाले. "अर्ध्या वाटेतच कळलं होतं मला. पण तू सगळ्यांदेखत बोललास ना, ते फार लागलं रे."

"बोलल्या बोलल्या मलाही लागलं. पण मग तू बघेचनास माझ्याकडे."

जाऊ तेवढ्यात खाली उतरली होती. रडवेल्या आवाजात ती नवऱ्यावर घसरली, "पण हायवे सोडून इकडे यायचं काय नडलं होतं? मोकळा होता हायवे!"

"मोकळा होता म्हणून तर भीती वाटली," भाऊजी म्हणाले. "ताईकडे सगळ्यांसमोर पोचलो असतो, आणि दादाने तिथेही तोंड फिरवलं असतं तर? म्हटलं, दादा काय सुट्टीच्या दिवशी हायवेने जायचा नाही. कालव्यानेच येईल. तिथे गाठू त्याला."

ह्यांनी रुमाल काढला, घाम पुसला. मग डोळे पुसले, तेही घाम पुसल्यासारखेच. "बस गाडीत," हे म्हणाले. "इथे जागा आहे. आज तुला रिव्हर्स शिकवतो, नाहीतर बायकोला विधवा करशील एक दिवस."

मी परत आले. आई दार उघडून, एक पाय बाहेर काढून बसल्या होत्या. उतरायचा प्रयत्न केला असणार, जमलं नव्हतं.

"भांडतायत?"

"नाही आई. हे शिकवतायत."

"आणि धाकटा?"

"शिव्या खातोय. हसतोय."

आईंनी पदराने तोंड पुसून नणंदेला फोन लावला. "पानं घेऊ नकोस गं इतक्यात, आम्हाला वेळ लागेल. नाही, अडकलो नाही. तुझे दोघे भाऊ इथे आहेत, दोघे!" फोन ठेवून त्यांनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाल्या, "उद्या हॉस्पिटलला मला दोघं मिळून घेऊन चला म्हणावं. पण हायवेने."