साधं पाकीट

पाचव्या महिन्यात केरीनने बाळाच्या सामानाच्या दुकानात नाव, पत्ता आणि बाळंतपणाची तारीख लिहून दिली, तीच चूक झाली. तारीख येण्याआधीच बाळ पोटात गेलं. पण टपालाला ते कोण सांगणार? डायपरची पत्रकं, दुधाच्या डब्यांची कुपनं, 'आता तुमचं बाळ बसू लागलं असेल' म्हणून अभिनंदन. तिने दोनदा फोन करून नाव काढायला लावलं, पण तोवर ते आणखी दहा जणांच्या यादीत गेलं होतं. अमेरिकेतल्या या डुलूथमध्ये बर्फाने शाळा बंद होतात, ही पत्रं मात्र चुकत नाहीत.

एक दिवस तिने ती सगळी बादलीत भिजत घातली आणि त्यांचा कागद करायला लागली.

नियम एकच. पाकीट उघडायचं नाही, नाव वाचायचं नाही. खिडकीचं प्लास्टिक ओरबाडून काढायचं आणि बाकीचं तसंच फाडून पाण्यात टाकायचं. मग मिक्सर, मग टब, मग जाळीच्या चौकटीवर अलगद उचललेला ओला थर. वाळलेल्या कागदांची भेटकार्डं व्हायची आणि चर्चच्या विक्रीत जायची.

दर मंगळवारी नवरा, कर्ट, कामावर गेला की सासूबाई, व्हर्ना, फाडायला मदत म्हणून यायच्या.

"ते गुळगुळीत नका टाकू, व्हर्ना. लगदा खरखरीत होतो."

"कचऱ्यातसुद्धा तुझी आवडनिवड आहे गं."

"साधा कागद बरा. हाताला लगेच कळतो."

"माझ्या हाताला सांधेदुखीशिवाय काही कळत नाही."

केरीन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणूनच असेल, तिला दवाखान्यात फोन करायचा धीर आला.

दवाखान्यात तिने बाळाकडे पाहिलं नव्हतं. नर्सने पावलांचे ठसे घेतलेलं कार्ड पुढे केलं तेव्हाही ती नको म्हणाली होती. "आम्ही जपून ठेवतो," नर्स म्हणाली होती. "वाटेल तेव्हा कळवा. दहा वर्षांनीसुद्धा." वाटायला सात महिने लागले.

फोनवर तीच नर्स होती. "अहो, कार्ड पाठवलं की. आमचा विभाग दुसऱ्या इमारतीत गेला, तेव्हा सगळ्यांचीच पाठवली. महिना झाला."

"मला नाही आलं."

"साधं पांढरं पाकीट होतं. दवाखान्याचं नाव मुद्दामच घातलं नाही, टपालपेटीपाशी कुणाला धक्का बसायला नको म्हणून. आत जाडसं कार्ड."

केरीनच्या बोटांना ते आधी आठवलं. बिनखिडकीचं, जाड, मऊ. फाडताना लांब लांब तंतू निघाले होते. आज चांगला माल आला, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा होती.

"दुसरी प्रत असेल का?"

"नसते हो. एकदाच घेतो."

"तुम्हीच घेतले होते ना ठसे? पाय आठवतात तुम्हाला?"

"खोटं नाही बोलणार," नर्स म्हणाली. "त्या महिन्यात अशी चार बाळं होती."

केरीनने फोन ठेवला. व्हर्नांना काही सांगावं लागलं नाही. ते पाकीट ज्यात गेलं त्या लगद्याचे अकरा कागद निघाले होते. आठ विकले गेले. उरलेले तीन केरीनने कपाटातून काढले आणि एकेक उजेडात धरला.

"हा काळा ठिपका?"

"छपाईची शाई असेल गं."

"आणि हा?"

व्हर्ना कागदाकडे बघतच म्हणाल्या, "मी हातात घेतलं होतं तुझ्या लेकीला. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. नंतर कधी तुझ्यापाशी विषय काढवला नाही."

"पाय कसे होते?"

"दुपट्यात होते. मी सोडलं नाही ते. तिला थंडी वाजेल असं वाटलं मला."

केरीनने तिन्ही कागद टेबलावर ठेवले. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले.

"मग तोंड कसं होतं ते सांगा," ती म्हणाली.

व्हर्नांनी ओले हात पुसले, खुर्ची जवळ ओढली.

"नाक कर्टचं होतं," त्या म्हणाल्या.