मोटारीचा पोळा

भादवी पोळ्याला आमच्या अवसरीत बैलांना सुट्टी असते, माणसांना नसते. एकोणीसशे बारा सालच्या पोळ्याला अठरा माणसांनी एक बिघडलेली मोटार ढकलत माझ्या दारात आणली, तेव्हा गावचे बैल शिंगं रंगवून निवांत बसले होते. ड्रायव्हरनं आधी बैलच मागितले होते. भिमाजी पाटलांनी त्याला असं खडसावलं, की तोही मुकाट्यानं ढकलायला लागला.

ड्रायव्हरचं नाव वली, राहणार जुन्नर. मोटार तिथल्या एका वकिलांची.

"दिवेलागणीच्या आत मोटार दारात न्हाई गेली, तर उद्यापासनं माजा पुन्हा टांगा," तो म्हणाला.

मी चांगदेव, गावचा सुतार. मोटारीखाली शिरून पाहिलं. इंजिन पुढं आणि जोर हवा मागच्या चाकांना, म्हणून पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा मागं जातो. तो फिरला की चाकं फिरतात. दांडा लोंबू नये म्हणून विलायतेच्या शहाण्यांनी त्याला मधोमध एका पितळी कड्याचा आधार दिला होता. तेच कडं फुटलं होतं.

"नवं यायला सहा म्हयनं लागतील," वली म्हणाला.

"बाभळ हाय की."

त्यानं कपाळाला हात लावला. मला राग आला. बैलगाडीचं चाक आसाभोवती फिरतं, इथं आसच फिरतो. बाकी भानगड तीच. बाभळीचा ठोकळा चिरून दोन तुकडे केले, दांड्याच्या मापाची खोबण कोरली, एरंडेलात उकळले आणि दांडा दोन्हीकडून कवळून बोल्टांनी आवळले. वलीनं मोटार चालू केली. दांडा गरगर फिरला, पण जागचा ढळला नाही. मी खाली मान घालून हत्यारं गोळा केली. बोललो असतो तर गर्व दिसला असता, आणि तो भरपूर झाला होता.

तोवर वेशीला तोरण लागलं होतं. मान पाटलांच्या बैलाचा. तो तोरणाखालून गेल्याशिवाय दुसरं जनावर वेशीबाहेर पडत नाही, आणि जुन्नरची वाट वेशीतूनच. वलीनं भोंगा वाजवला. पाटील आडवे उभे राहिले.

"पाटील, मोटार काय जनावर हाय व्हय?" वलीनं विचारलं.

"वढती का न्हाई?"

"वढती."

"मंग रांगेत लाव."

पण लावायची कुणाच्या नावानं? बैल उभा राहतो तो गावातल्या मालकाच्या नावानं, आणि वकील काही अवसरीचे नव्हते. सूर्य उतरत चालला, वली रडकुंडीला आला.

खरं सांगतो, तीस वर्षं मी गावाच्या गाड्यांना चाकं करून दिली, पण माझ्या दावणीला बैल कधीच नव्हता. दर पोळ्याला कडेला उभं राहून लोकांच्या बैलांचं कौतुक करायचं. फार लागायचं मनाला.

"माज्या नावानं लावा," मी म्हणालो.

सगळे हसले. पाटील हसले नाहीत.

"बसलेलं जनावर उठवलं कुनी?"

"म्या."

"मंग आजच्यापुरतं तुजं."

पुढं मानाचा बैल, मागं चाळीस जोड्या आणि शेवटी मोटार. तिच्या दिव्याला कासरा बांधून मी ताठ मानेनं चाललो होतो. वेशीबाहेर माझी बायको साळुबाई ताट घेऊन उभी. बैल घरी आल्यावर ओवाळायची रीत, पण हे जनावर घरी थोडंच येणार होतं! वलीनं सूर्याकडं पाहिलं, साळूकडं पाहिलं आणि मोटार थांबवली.

"कपाळ कुठं हाय हिचं?" साळूनं विचारलं.

वली खाली उतरला. "हितं, वैनी. जपून, तापलंय."

तिनं हात भाजून घेत कुंकू लावलं, ओवाळलं आणि पुरणपोळी हातात घेऊन घुटमळली. मोटारीला तोंड सापडेना. शेवटी वलीनंच आ केला.

तो जुन्नरात पोचला तेव्हा दिवे लागून गेले होते. वकिलांनी आरडाओरडा केला, पण त्याला काढलं नाही. लाकडी कड्यावरची मोटार हाकायला दुसरा कुणी तयारच होईना.

फाल्गुनात नवं पितळी कडं आलं. वलीनं बेल्ह्याच्या बाजारात आमच्या माणसाला गाठून मला निरोप धाडला: "कडं आलंय. पर भादवी पोळा झाल्याबगर म्या बसवू देनार न्हाई. तवर जनावर तुमचं."